ईरीला निघण्याआधी

धाकट्या भावानं अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठच्या टोलेडोला घर घेतलं तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "दादा, तू ये, तुला ईरीवर मासे मारायला नेतो." यंदा ते जमून आलं. व्हिसा झाला आहे. लाखोळी आणि हरभरा घरात आला की एप्रिलअखेर निघायचं आणि मृगाच्या आत परतायचं, कारण धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायच्या वेळी मी बांधीत, धानाच्या शेतात, हवाच. मधला काळ माझा. त्या काळात मला वॉलआय धरायचा आहे. हा मासा मी अजून फोटोतच पाहिला आहे, आणि तो ज्या पाण्यात राहतो त्याचा पलीकडचा काठ नजरेला लागत नाही.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. आम्ही ढिवर, पाणी हा आमचा धंदा. गावच्या मालगुजारी तलावाची मासेमारी आमच्या सहकारी संस्थेकडे आहे. जाळं हे पोटाचं काम. गरी मी हौसेनं टाकतो, लहानपणापासून. तलाव कुठं खोल आहे, तुडुमापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीपाशी, पाणी कधी थंड असतं, मरळ कमळाच्या कोणत्या दाटीत पिलं घेऊन फिरते, हे मला आठवावं लागत नाही. ईरीवर यातलं काहीच कामाला येणार नाही. पण हे सगळं मला ज्या रीतीनं कळलं, ती रीत कामाला येईल असं मला वाटतं. हिवाळाभर मी तीच धरून तयारी करतो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी लहान करणं. ईरी सरोवर सुमारे 25,700 चौरस किलोमीटरचं आहे. आपले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे एकत्र धरले तर साधारण तेवढी जमीन होते. लांबी 388 किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त 92. एवढ्या पाण्याचा विचार एकदम केला तर माणूस फक्त घाबरतो. मग नकाशा घेऊन बसलो. ईरीचे तीन भाग आहेत. पूर्वेकडचा सगळ्यात खोल, 64 मीटरपर्यंत. मधला सरासरी 18 मीटर. पश्चिमेकडचा, टोलेडोच्या बाजूचा, सरासरी जेमतेम साडेसात मीटर. बेटं आणि पाण्याखालचे खडक, ज्यांना तिथं रीफ म्हणतात, ते मुख्यतः याच भागात. माझ्यासाठी ईरी म्हणजे आता हा पश्चिमेचा तुकडा. त्यातही पोर्ट क्लिंटन गावासमोरचं पाणी. हे गाव स्वतःला वॉलआयची जागतिक राजधानी म्हणवतं आणि नववर्षाच्या रात्री बारा वाजता तिथं चौकात एक अवाढव्य बनावट वॉलआय दोरानं खाली उतरवतात. माशावर इतका जीव टाकणारं गाव मला न पाहताच आवडलं.

दुसरी गोष्ट महिना. मासा कुठं आहे हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या महिन्यात कुठं, असं विचारावं लागतं. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पुराला मासे सांडव्यावरून वर चढतात, बांध्यांमध्ये शिरतात, आणि लहान पोरंही टोपली घेऊन धावतात. वॉलआयचं चढणं मार्च-एप्रिलमध्ये. बर्फ वितळलं, पाणी पाच ते दहा अंशांच्या घरात आलं की ते मॉमी आणि सँडस्की या नद्यांमध्ये वर चढतात, बाकीचे पश्चिम भागातल्या रीफवर जमतात आणि गोट्यांवर, खडकांवर अंडी सोडतात. मरळीचं जोडपं पिलांची राखण करतं. वॉलआय अंडी सोडून निघून जातो. म्हणून ज्या वसंतात थंडी-वारा अनुकूल पडला त्या वर्षीची पैदास तुफान, नाहीतर जेमतेम. 2003, 2015, 2018 आणि 2021 ही तिथली मोठ्या पैदाशीची वर्षं. आज गरीला लागणारे बरेच मासे त्या मोठ्या पिढ्यांमधले आहेत.

अंडी सोडून झाली की मादी आधी खोल पाण्याकडे निघते, नर जास्त दिवस रेंगाळतात. पुढं पाणी तापत गेलं की मोठे मासे पूर्वेकडे, क्लीव्हलँडच्याही पलीकडच्या गार पाण्यात सरकतात. म्हणजे मे महिन्यात मी पोचेन तेव्हा ते नदीतून उतरलेले, भुकेले आणि पश्चिम भागात अजून बऱ्यापैकी टिकून असतील. माझ्या शेतीनं मला जो मोकळा काळ दिला तो माशाच्या वेळेशी जुळला, याचा मला फार आनंद आहे.

आता डोळा. वॉलआयचा डोळा मोठा, काचेसारखा, आणि त्याच्या आत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक थर असतो. नवेगावच्या जंगलाकडून रात्री परतताना गाडीच्या उजेडात चितळाचे डोळे चमकतात ते अशाच थरामुळे. या डोळ्यामुळे वॉलआयला अंधुक उजेडात आणि किंचित गढूळ पाण्यात चांगलं दिसतं, तिथं बाकीचे मासे चाचपडत असतात. म्हणून तो पहाटे, संध्याकाळी आणि रात्री खातो. भर दुपारी निवळशंख पाण्यात तो तळाशी जातो किंवा सुस्त होतो. तिथल्या लोकांना वाऱ्यानं हलकी खळबळ उठलेला दिवस आवडतो, कारण लाटांमुळे ऊन फुटतं आणि खाली कमी उजेड पोचतो. 1980च्या दशकाच्या शेवटी बाहेरच्या जहाजांमधून आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी ईरीचं पाणी गाळून पूर्वीपेक्षा नितळ केलं आहे, त्यामुळे उजेडाचा हिशोब आणखीच महत्त्वाचा झाला. बाहेरून आलेला जीव पाण्याचं काय करतो हे आम्हाला थाई मांगुरानं शिकवलं आहे. 2000 सालापासून बंदी असूनही तो आपल्या देशी शिंगी-मांगुराच्या मुळावर उठला आहे.

चावा हा सगळ्यात अवघड भाग. मरळ बेडकीवर तुटून पडते, पाणी फुटल्याचा आवाज होतो, काठी वाकते. वॉलआयचा चावा बहुतेक वेळा बोटाच्या टिचकीएवढा. मेच्या सुरुवातीला रीफच्या कडेला जिग वापरतात, म्हणजे शिशाचं डोकं असलेली गरी. ती तळापर्यंत सोडायची, हातभर उचलायची आणि दोरा ताणात ठेवून परत बसू द्यायची. मासा बहुतेक ती खाली बसत असतानाच घेतो. दोरा सैल असेल तर काहीच कळत नाही. पाणी थोडं तापलं की दुसरी पद्धत सुरू होते: एका दोऱ्यात मागे-पुढे दोन गऱ्या, पुढं मणी आणि गरगर फिरणारी पितळी पत्री, आणि गऱ्यांवर लांबसडक गांडूळ. बोट वाऱ्यानं वाहू द्यायची किंवा अगदी संथ चालवायची. वॉलआय वर पाहून खातो, म्हणून आमिष माशाच्या पातळीच्या जरा वर चाललं पाहिजे. खालून गेलं तर त्याच्या नजरेतच येत नाही.

गांडुळाची पद्धत मला लगेच उमगली. जिगसाठी सराव हवा होता. गावच्या तलावात गाळ इतका की शिसं रुतून बसतं. मग इटियाडोहला जायला लागलो. गाढवी नदीवरचं हे धरण आमच्या भागातलं मोठं पाणी. वारा सुटला की त्याच्यावर खऱ्या लाटा उठतात. तिथल्या ठेका असलेल्या संस्थेला सांगून, मुरमाड तळ असलेल्या कोपऱ्यात मी शिशाचा गोळा बांधून उचलत-बसवत राहतो. मासा मिळणं हा हेतूच नाही. शिसं मुरमावर बसलं, गाळात बसलं, बुडालेल्या फांदीला घासलं, यातला फरक हाताला कळला पाहिजे. डोळे मिटून बसतो कधी कधी. ज्या दिवशी वारा जोराचा असतो त्या दिवशी मुद्दाम जातो, कारण दोऱ्याला वाऱ्यानं पोट पडलं की टिचकी हरवते, आणि ईरीवर वारा असणारच.

वाऱ्याचं महत्त्व मला पुस्तकानं नव्हे, आमच्या संस्थेतल्या सगळ्यात जुन्या काकांनी दाखवलं. त्यांना बेत सांगितला तेव्हा त्यांनी मासा केवढा, चव कशी, यातलं काही विचारलं नाही. म्हणाले, "वारा कोन्या बाजूनं येते तिकडं?" आणि थोड्या वेळानं, "डोंगा कोनाचा?" या दोन प्रश्नांपुढे माझी बाकी यादी फिकी पडली.

तर वारा. ईरी उथळ आहे म्हणून सोपी वाटते, पण उथळ आहे म्हणूनच ती धोक्याची आहे. खोल पाण्यात लाट लांब आणि संथ चालते. उथळ पाण्यात ती आखूड, उभी आणि एकामागोमाग येते, आणि वारा फिरल्यावर फार कमी वेळात उठते. सरोवर नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं आहे. ईशान्येचा वारा सुटला की त्याला अख्ख्या लांबीची धाव मिळते आणि सगळी लाट टोलेडोच्या कोपऱ्यात येऊन आदळते. तळ ढवळतो, पाणी चिखलाचं होतं. किंचित गढूळ पाणी वॉलआयला चालतं, चिखल चालत नाही. उलट नैऋत्येचा जोरदार वारा राहिला तर पाणीच पूर्वेला बफेलोकडे ढकललं जातं आणि टोलेडोकडे पातळी इतकी उतरते की बोट उतरवायच्या जागी गाळ उघडा पडतो. वारा पडला की ते पाणी परत येतं. तलावाचं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहतं, ही कल्पनाच मला आधी पचली नव्हती.

अमेरिकेची हवामान सेवा ईरीच्या काठालगतच्या पाण्यासाठी वेगळा अंदाज देते: वारा कुठून, किती, लाटा किती फुटांच्या, लहान बोटींना इशारा आहे का. मी तो आता रोज वाचतो. धानाच्या कोठाराशेजारी बसून पश्चिम भागातल्या लाटा पाहायच्या आणि मग भावाला विचारायचं, आज खरंच तशी हवा होती का. तो ऑफिसला जाताना मॉमीवरच्या पुलावरून पाणी बघून सांगतो. असं केल्यानं आकड्यांमागचा दिवस दिसायला लागला आहे. बेतही त्यावरूनच बदलला. आधी भावानं एकच शनिवार धरला होता. मी त्याला सांगितलं, एक दिवस धरायचाच नाही. बोटवाल्याशी बोलताना हवा बिघडली तर पुढची तारीख मिळेल का, हे आधी विचार. पाण्यानं नाही म्हटलं तर आपण काठावर थांबायचं, आणि थांबायला हातात दिवस असले तरच माणूस थांबतो.

डोंग्याचा प्रश्न भावाशी वादाचा झाला. त्याचा मित्र छोटी बोट द्यायला तयार आहे. भाऊ म्हणाला, दादा, तू जन्मभर पाण्यावर आहेस, तुला कसली भीती? मी जन्मभर आहे ते माझ्या पाण्यावर. मेच्या सुरुवातीला ईरीचं पाणी दहा-बारा अंशांचं असतं. असल्या पाण्यात माणूस अचानक पडला तर पहिल्याच झटक्यात श्वास तुटतो, हात-पाय काही मिनिटांत आखडतात, आणि चांगला पोहणाराही बुडतो. म्हणून पहिल्या दिवशी चार्टर, म्हणजे कॅप्टनसकट भाड्यानं घेतलेली बोट. कॅप्टनकडे तिथल्या तटरक्षक दलाचा परवाना असतो, बहुतेक बोटींवर सहा गिऱ्हाइकं घेतात, काठ्या, आमिष, लाइफ जॅकेट त्यांच्याकडचं. पैसे लागतात, पण त्या पैशांत फक्त बोट मिळत नाही. ज्यानं ते पाणी वर्षानुवर्षं पाहिलं त्याच्या शेजारी उभं राहायला मिळतं. कॅप्टन कुठं थांबतो, का थांबतो, पाण्याच्या रंगाकडे कधी बघतो, मासे शोधायच्या यंत्रावरच्या कोणत्या ठिपक्यांना मासा म्हणतो आणि कोणत्यांना सोडून देतो, हे मला बघायचं आहे. काकांनी मला तलाव असाच दाखवला होता, न बोलता, डोंग्याच्या पुढच्या टोकाला बसवून. मित्राची छोटी बोट नंतर, एखाद्या शांत सकाळी, काठाच्या नजरेत. तेव्हाही लाइफ जॅकेट अंगावर, बाकाखाली नाही.

नियम वाचले. ओहायोच्या पाण्यात वॉलआय किमान 15 इंचांचा हवा, म्हणजे 38 सेंटिमीटर, आणि एका माणसाला दिवसाला सहा. लायसन ऑनलाइन निघतं आणि चार्टरवर जाणाऱ्यालाही लागतं. सरोवराच्या मधून कॅनडाची हद्द जाते. तिकडे गरी टाकायची तर कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताचं लायसन वेगळं. 1 मार्च ते 1 मे मॉमी नदीत वॉलआय चढतात त्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर मासेमारी बंद, गरी एकच हवी, आणि मासा तोंडात लागलेला नसेल, अंगाला अडकला असेल, तर परत सोडायचा. हा शेवटचा नियम मला मनापासून पटला. अंडी घालायला वर चढणाऱ्या माशाला ओरबाडून काढणं ही मासेमारी नाही.

त्याहून जास्त विचार केला तो वाटणीचा. ईरीत किती वॉलआय आहेत याचा अंदाज घेऊन, त्या वर्षी एकूण किती काढायचे हे ओहायो, मिशिगन आणि ऑन्टारिओ मिळून ठरवतात. ऑन्टारिओकडे जाळ्याचे व्यावसायिक मच्छीमार आहेत, ओहायोकडे वॉलआय फक्त गरीवाल्यांसाठी. दोन देश, वेगळ्या पद्धती, पण एका आकड्यावर बसतात. आमच्या संस्थेच्या बैठकीत माशांचं बीज किती टाकायचं यावर तासभर बोलणं होतं. किती मासा पाण्यात ठेवायचा, देशी जातींना जागा कुठं ठेवायची, यावर कमी. परत आल्यावर हा विषय मी बैठकीत काढणार आहे.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. 1970मध्ये पाऱ्याचं प्रदूषण सापडल्यावर ईरीवर वॉलआयची मासेमारीच थांबवावी लागली होती. याच सरोवरातली ब्ल्यू पाइक नावाची वॉलआयची भावकी तर कायमची संपली. 1972मध्ये अमेरिका आणि कॅनडानं पाण्याच्या शुद्धतेचा करार केला आणि पाणी हळूहळू सावरलं. तरी 2014च्या ऑगस्टमध्ये टोलेडोच्या लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, कारण हिरव्या शेवाळाचं विष पाण्यात उतरलं होतं. ते शेवाळ पोसतं मुख्यतः मॉमीच्या खोऱ्यातल्या शेतांमधून वाहून आलेल्या स्फुरदावर, म्हणजे फॉस्फरसवर. मी स्वतः धानाला डीएपी हे स्फुरदाचं खत टाकतो आणि माझ्या बांधीचं पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, उतरतं. ही गोष्ट मला परक्या देशाची वाटली नाही. शेवाळाचा जोर जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत असतो, म्हणून मासे मारायला जाणाऱ्यानं मे धरावा हे आणखी एक कारण.

सामानाचं थोडक्यात. गऱ्या तपासलेल्या मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नाही. शेतातले बूट न्यायचे नाहीत. तिथं उतरल्यावर शेतावर गेला होतात का हे विचारतात आणि मातीबद्दल ते फार काटेकोर आहेत, ते बरोबरच आहे. गरम कपड्यांसाठी गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतल्या ओळखीच्या बाईंकडे गेलो होतो. 1972पासून हे लोक आमच्या शेजारी आहेत, आणि थंड वाऱ्यात काय घालावं हे या तालुक्यात त्यांच्याइतकं कुणाला कळतं? त्यांनी जाड स्वेटर बाजूला ठेवला आणि वारा अडवणारं बाहेरचं जाकीट आधी घ्यायला लावलं. बोट लागू नये म्हणून गोळी आदल्या रात्रीच घ्यायची, पोट रिकामं ठेवायचं नाही, आणि नजर दूरच्या रेषेवर ठेवायची असं भावानं बजावलं आहे.

मासा मिळाला तर पहिला घरी शिजवायचा आहे. वॉलआयचं मांस पांढरं, घट्ट, काटे कमी; तिकडे त्याचे काप काढून पिठात घोळून तळतात. तेही खाईन. पण एक तरी डोक्यासकट आमच्या पद्धतीनं, भाजलेला कांदा, लसूण, तिखट आणि थोडी खसखस वाटून, पातळ रश्शात करणार. मसाला बायकोनं कुटून ठेवला आहे. वहिनीचं, म्हणजे भावाच्या मित्राच्या बायकोचं म्हणणं आहे की स्वयंपाकघर तिचं वापरा, तिला झाडीपट्टीचा रस्सा चाखायचा आहे. भात मात्र मी नेलेल्या तांदळाचा होणार नाही, तांदूळ नेण्यावर बंधनं आहेत. तिथला लांब दाण्याचा मिळेल तो घेऊ, आणि तो ओला ठेवायचा की मोकळा, यावर भावाचं नि माझं फोनवर अजून चालूच आहे.